अकरा मिलिमीटर

दर वर्षी पहिल्या तासाला मी गुण्या वर धरते.
नव्वद अंश, मुलांनो. याच्याशी वाद घालायचा नाही.
मागचा बाक हसतो.
त्यांना वाटतं, बाई कवायत घेणार.

कळव्याची शाळा, जिन्याखालची कार्यशाळा.
सहा शिकंजे, त्यातले चार आवळतात.
कानशी, करवती, दोन सोल्डरगन,
आणि कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून बसलेला थ्रीडी प्रिंटर,
जो एका कंपनीने हार घालून दिला
आणि पासवर्ड सोबत घेऊन गेली.

माझा तास बुधवारी, शेवटचा.
गणिताचा भाग मागे पडला की
गुंजीकर सर दारात येऊन उभे राहतात.
मागत नाहीत काही, नुसता हातावरचा खडू झटकतात.
मीही बोलत नाही काही.
ड्रिलचं बटण दाबते.

वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये सात वर्षं काढली मी.
तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून
माणसाची किंमत ठरायची.
कारखाना गेला. तिथे आता काचेची इमारत आहे,
वॉचमन आत सोडत नाही.
बोटांची खोड मात्र राहिली.
दाराची फट, भाकरीची जाडी, कुणी दिलेला शब्द,
सगळं चाचपूनच घेते.

म्हणून नववीतल्या निहाल सरवदेचं स्टूल
टेबलावर ठेवलं, एक बोट लावलं,
आणि ते डुगडुगलं.
चौथा पाय आखूड. अकरा मिलिमीटर.
सांधे मात्र असे, की ब्लेडचं पातं शिरू नये.
मोजलं नव्हतंस?
मोजलं होतं, बाई.
मग?
तो बुटांकडे बघत राहिला.
वीसपैकी अकरा दिले मी.
मिलिमीटरला एक गुण,
हा विनोदही तेव्हा सुचला होता मला.
गुण ऑनलाइन भरले. ते पान पुन्हा उघडत नाही.

फेब्रुवारीत शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर
पालकांची सही राहिली, म्हणून पारसिकची टेकडी चढले.
ज्याने त्याने आपल्या दारापुरत्या ओतलेल्या पायऱ्या,
एकीची उंची दुसरीला नाही.
आतून मनात गुण्या लावत, दम खात,
पत्र्याच्या दारापाशी पोचले.

बसा ना बाई, म्हणत त्याची आई
गुडघ्यावर हात रेटून उठली.
शेगडीपाशी तेवढीच एक जागा बसायची,
आणि तिथेच तेच स्टूल.

बसले.
हललं नाही.
इकडे भार टाकला, तिकडे टाकला,
लहान पोरीसारखी.
तरी नाही.

खाली वाकून पाहिलं.
कोब्यातून टेकडीचा खडक वर आलेला,
तव्याएवढा, काळा, पाय पुसून पुसून गुळगुळीत.
चौथा पाय बरोब्बर त्याच्यावर.
घर बांधताना फुटलाच नाही तो, आई म्हणाली,
रबाळ्याला कंपनीत आठ तास उभी असते मी,
घरी आल्यावर खाली बसवत नाही,
म्हणून केलंय यानं.

त्याने वहीचं मागचं पान दाखवलं.
परातीत पाणी भरून काढलेली पातळी,
खडकाची आकृती,
पेन्सिलीने खोडून खोडून शेवटी ठरलेला आकडा.
माझ्या टूलरूममध्ये
याला कुणी नकार दिला नसता.

सांगितलं का नाहीस तेव्हा?
तो म्हणाला,
तुम्हीच म्हणाला होतात, बाई,
वाद घालायचा नाही.

सही घेतली. चहा घेतला, साखर जास्त होती.
उतरताना पायऱ्या मोजत होते,
मध्येच सोडून दिलं.

जून. नवी नववी, बुटांना नव्या चामड्याचा वास.
गुण्या वर धरला.
नव्वद अंश, मुलांनो.
पुढचं वाक्य आलं नाही.
मागचा बाक वाट बघतोय.
दारात गुंजीकर सर, हातात खडू.
मी ड्रिलचं बटण दाबलं,
आणि त्या आवाजात म्हटलं काहीतरी.
पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं,
काय म्हणालात, बाई?